पांढऱ्या गाडीचा सत्कार

हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो, तेव्हा आमच्या अकोल्याच्या साडूंच्या नाकातून चहा आला, आणि साडू अजून मलाच दोष देतात. हसायला माझी ना नाही. अख्खं गाव माझ्यावर हसून बसलंय, त्यात तुमची भर पडली तर मला काय फरक पडतो?

गावाचं नाव मात्र विचारू नका. बडनेरा आणि अकोल्याच्या मधे, रुळाला चिकटून आहे, एवढं पुरे. तिथे माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीचे पंप. दुकान आपलं चालतं. माझं खरं काम अध्यक्ष असणं. गणेश मंडळाचा अध्यक्ष मी, पाणंद रस्ता समितीचा मी, स्मशानभूमी सुधार समितीचाही मीच. खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं आणि माईक दिसला की बोलावंसं वाटतं. हा रोग आहे, मला कळतं. पण याचं औषध माझ्या दुकानात नाही.

तर आमच्या रुळावरून ती नवी फास्ट गाडी सुरू झाली. पांढरीशुभ्र, नाक पुढे काढलेली, काचा बंद, दारं आपोआप उघडणारी आणि आपोआपच लागणारी. सकाळी नागपूरकडून यायची आणि आमच्या स्टेशनावरून अशी सुटायची, की बाकावर वाळत घातलेला पंचा सरळ पलीकडच्या वावरात जाऊन पडायचा. थांबायचं नाव नाही. गावाचं तिच्याबद्दलचं मत काय असणार?

“हे श्रीमंताईची गाडी हाय,” चहाच्या टपरीवर मीच सगळ्यात मोठ्यानं सांगायचो. “खिडकी उघडत नाई, दारात बसता येत नाई, फुटानेवाला चढत नाई. हे का गाडी झाली? हे त दवाखाना झाला!”

“अगदी बराबर जी,” गजूभाऊ मान हलवायचा. गजूभाऊ म्हणजे आमचा मंडपवाला. गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाला मंडप त्याचा, भोंगे त्याचे आणि सूत्रसंचालनही त्याचंच. मंडपाचे पैसे घेतो, सूत्रसंचालन फुकट करतो, आणि फुकटचं असल्यामुळे ते कधी संपत नाही.

अशी माझी मतं पक्की असताना आमच्या पोरीला नागपूरला नोकरी लागली. एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. नाव प्राजक्ता, पण घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो. एकुलती एक. सुट्टी फक्त रविवारची. आता तुम्हीच सांगा, आधी बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून एसटी, मग फाट्यावरून मिळेल ते. अशी अर्धा दिवस धक्के खात पोरगी घरी येणार, चार घास खाणार आणि लगेच परत निघणार. पहिले दोन महिने आली. मग म्हणाली, “बाबा, आता दिवाईलेच येतो.”

घर एकदम मोठं वाटायला लागलं हो. मला अध्यक्ष असूनही रविवारी करमेना.

आमच्या सौ., सुनंदा, रविवारी सकाळी मागच्या अंगणात उभी राहायची. रूळ तिथून दिसतो. एकदा ती पांढरी गाडी धाडधाड गेली आणि सुनंदा म्हणाली, “याच्यात बसली असती त चिमणी नाश्त्याले घरी आली असती. संध्याकाई तिकडून येते त्याच्यातच वापस गेली असती. पन हे मेली थांबत नाई.”

त्या एका वाक्यानं माझं मत बदललं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी जाहीर केलं, “हे गाडी म्हंजे देशाचं भविष्य हाय! आन् देशाचं भविष्य आपल्या गावात थांबलंच पाह्यजे!”

गजूभाऊनं कप खाली ठेवला. “मागच्या हप्त्यात त दवाखाना होता ना जी?”

“दवाखाना का मानसाले लागत नाई?” मी म्हणालो. झालं. थांबा कृती समिती तिथल्या तिथे स्थापन झाली. अध्यक्ष कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मग निवेदनं, मग धरणं, मग पुन्हा निवेदनं. गावातल्या प्रत्येकाला ती गाडी एकदम आवडायला लागली. एकदा गाडी आपल्याकडे थांबणार म्हटलं की ती श्रीमंतांची राहत नाही, आपली होते. पलीकडच्या गावातही समिती निघाली, त्याच्या पलीकडच्याही. सगळ्यांनाच थांबा पाहिजे. इतक्या ठिकाणी थांबली तर ती फास्ट कशी राहणार, असा प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि मी तर मुळीच नाही!

शेवटी रेल्वेचे एक साहेब आले. शांत माणूस. म्हणाले, “प्रायोगिक थांबा देतो. काही महिने बघू. लोक चढले-उतरले तर थांबा राहील, नाही तर बंद. आणि थांबा दोन मिनिटांचा.”

“साहेब,” मी छातीवर हात ठेवला, “गाडी कमी पडीन, मानसं नाई!”

आता खरी गंमत. थांबा मिळाला, पण गाडीत बसायला गाव घाबरलं. ‘दार लागलं आन् उघडलंच नाई त?’ ‘काचा बंद, जीव घाबरला त कुठी जाचं?’ ‘इतकी जोरात जाते, पोटातलं पानी हालीन का नाई?’ लोक चढले नाहीत तर थांबा जाणार, आणि थांबा गेला तर आमचे रविवार पुन्हा रिकामे. मग मी प्रचाराला निघालो. घरोघरी, ओसरीवर बसून, आपोआप लागणाऱ्या दारावर व्याख्यान! स्वतः त्या गाडीत पाय ठेवला नव्हता, पण ज्ञान किती!

“थे दार लय हुशार रायते,” मी सांगायचो. “आपला मानूस कोन, पावना कोन, त्याले समजते. अध्यक्षाले घेतल्याबिगर दार लागनार हाय का?”

लोक हसले आणि भुलले. पहिल्या रविवारसाठी तीस-चाळीस जणांनी अकोल्याची तिकिटं काढली. कुणाला कपडे घ्यायचे होते, कुणाला डोळे तपासायचे होते, कुणी नुसतं जाऊन कचोरी खाऊन परत येणार होतं. मी तिकीट काढलं नाही. मी कसा जाणार? मला तर व्यासपीठावर बसायचं होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच गाडीनं चिमणी येणार होती. गावात त्या गाडीतून उतरणारी पहिली प्रवासी, माझी पोरगी! सुनंदानं शनिवारीच पातोडीच्या रश्शाचा मसाला वाटून ठेवला होता.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्या गावात नवीन काही आलं की त्याचा सत्कार होतो. नवीन तलाठी आला, सत्कार. नवीन रोहित्र बसलं, त्यालाही हार. एकदा बोअरला पाणी लागलं तेव्हा बोअरच्या मशीनला शाल पांघरली होती, आणि ती शाल मशीनवाल्यानं अजून परत केलेली नाही. मग इतकी मोठी गाडी पहिल्यांदा थांबणार आणि तिचा सत्कार नाही?

समितीच्या बैठकीत कार्यक्रम ठरला. गाडीच्या नाकाला हार, नारळ, ड्रायव्हरला शाल-श्रीफळ, शाळेच्या पोरींचं स्वागतगीत, अध्यक्षांचं मनोगत आणि आभार. आमचे स्टेशनमास्तर मेश्राम साहेब कोपऱ्यात उभं राहून ऐकत होते.

“अध्यक्ष साहेब,” ते म्हणाले, “दोन मिनिटं हायेत.”

“मनोगत छोटंच करतो.”

“दोन मिनिटं सगळ्याईसाठी हायेत जी. चढाले, उतराले, सगळ्याले.”

“साहेब,” मी समजावलं, “आपल्या गावात एसटी सरपंचाचा डबा येईलोक थांबते. मंग ज्याच्या अंगावर शाल टाकली, थो मानूस कार्यक्रम सोडून जाईन का? तुमीच सांगा, पाह्यला का असा सत्कारमूर्ती?”

मेश्राम साहेबांनी पाहिला नव्हता. पण त्यांनी कपाळावर हात मारला, तो मी पाहिला आणि सोडून दिला.

रविवार उजाडला. प्लॅटफॉर्मवर मंडप, पताका, भोंगे. मी पांढरा कुर्ता घातला होता, नवा, आणि पाकीट घरी जुन्या पॅन्टच्या खिशात राहिलं होतं. ते कळलं नंतर. ज्यांची तिकिटं होती त्या सगळ्यांना गजूभाऊनं मंडपासमोर रांगेत उभं केलं. “फोटो झाल्याबिगर कोनी चढाचं नाई!” भोंग्यातून हुकूम सुटला. डब्यांचे नंबर, कुणाचा डबा कुठे येणार, याची चौकशी कुणी केली? कुणीच नाही. मला वाटलं, गाडी आपल्यासमोर येऊन उभी राहील आणि सगळे एकाच दारातून आत जातील, जीपमध्ये बसतात तसे.

आणि गाडी आली. शप्पथ सांगतो, तिला हळू होताना पाहून मी हातातला हार आणखी वर धरला. आमच्या गावासाठी ती हळू झाली होती! बँड वाजला, पोरींनी गाणं सुरू केलं. आणि गाडीचं नाक आमच्यासमोरून, हार घेऊन उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांच्या समोरून, शांतपणे पुढे निघून गेलं. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला जाऊन थांबलं.

“धावा बे!” मी ओरडलो.

धावलो. पुढे मी, मागे नारळवाला, त्याच्या मागे शालवाला, त्याच्या मागे तिकीट असलेली सगळी मंडळी, कारण फोटो जिथे तिथे ती. चिमणीसाठीचा वेगळा हार गळ्यात अडकवून सुनंदाही धावत होती. बँडवाले वाजवत वाजवत धावत होते. नाकाजवळ पोचलो तर ड्रायव्हरनं बाजूची खिडकी उघडली, हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, कृपा करा, सिग्नल पडलाय!”

“एकच मिनिट,” म्हणत मी शाल वर केली. ती त्याच्यापर्यंत पोचेना. नारळ रुळावर गेला. आणि तिकडे मंडपात माईक सोडून न आलेला एकटा गजूभाऊ भोंग्यातून सांगत होता, “आता मी अध्यक्ष साहेबाईले इनंती करतो का त्याईनं आपलं मनोगत...”

मनोगत! त्या शब्दानं मला एकदम मनातली गोष्ट आठवली. चिमणी कुठे आहे? मी तिला बजावून सांगितलं होतं, “दारातच उभी राह्य, मी हार घालतो, मंग उतर.” कोणत्या दारात, हे मी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. सुनंदाच्या गळ्यातला हार काढला आणि मी उलटा मागे धावलो. वाटेत लागलेल्या प्रत्येक दारात पाहिलं. पोरगी नाही. फोन लावला, उचलला नाही. झोपली असेल! रात्रपाळी करून तशीच गाडीत बसली असेल, डोळा लागला असेल, आता गाडी तिला तशीच घेऊन जाईल...

बाप माणूस आहे हो मी. एका डब्यात शिरलो.

आत थंडगार. रांगेनं खुर्च्या, माणसं चहा पीत बसलेली, कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. आणि मी भला मोठा झेंडूचा हार हातात घेऊन मधून पळतोय, “चिमणे! ए चिमणे! उठ, गाव आलं!”

लोक वर बघायला लागले. एक बाई छताकडे बघत होती.

मागे ‘टिंग टिंग’ वाजलं. वळून बघतो तर दार सरकत होतं. अगदी हळू, अदबीनं, आवाज न करता. मी धावलो. दार लागलं. ते हुशार दार! आपला माणूस कोण ते समजणारं दार! मी त्याच्यावर दोन्ही हात आपटले. “अरे, मी अध्यक्ष हावो!”

गाडी हलली. आणि काचेतून पाहिलं तर मागच्या शेवटच्या डब्याजवळ, रिकाम्या प्लॅटफॉर्मवर, खांद्यावर बॅग घेऊन एकटी उभी कोण? चिमणी. उतरली होती. वेळेत, न विचारता, न गोंधळता. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. तिनं हात वर केला. मी हार वर केला. मग सुनंदा दिसली, मग तिकीटवाली मंडळी, धावणारी, एकामागून एक दारं ठोठावणारी, मग गजूभाऊ माईक घेऊन तोंड उघडं टाकून उभा. मग नुसती कपाशी.

रडूच आलं मला. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात टीसी आला. हातातल्या यंत्राकडे बघत, एकेक रिकामी खुर्ची तपासत. “अजब आहे,” तो स्वतःशीच बोलत होता, “या गावाचं एवढं आरक्षण आणि एकही माणूस चढला नाही?” मग त्याचं लक्ष दारापाशी गेलं. “तुम्ही कुठून चढलात?”

“तिथूनच.”

“अरे वा, एक तरी! तिकीट?”

“थे नाई.”

“नाही?”

“मी अध्यक्ष हाव. थांबा कृती समितीचा. हे थांबा मीच आनला.”

टीसीनं माझ्याकडे, हाराकडे आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. “म्हणजे ज्यांची तिकिटं होती ते खाली राहिले, आणि तिकीट नाही ते तुम्ही वर?”

इतक्या थोड्या शब्दांत माझ्या सार्वजनिक जीवनाचा आढावा आजवर कुणी घेतला नव्हता.

“साहेब, त्याच्यातल्या एका शिटवर बसू का? सगळ्या आमच्या गावाच्याच हायेत.”

“तुमच्या नावावर कोणती आहे?”

उभाच राहिलो. पलीकडच्या खुर्चीवरची म्हातारी प्रेमानं म्हणाली, “शेगावले चालले का बावा? एवढा मोठा हार घेऊन उभ्यानं जाता, नवस असन.”

“हाव,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मग फोन सुरू झाले. पहिला चिमणीचा. “बाबा, तुमी कुठी हा?”

“गाडीत.”

“कावून?”

“तुले उठवाले.”

मग तिकडे दोघी मायलेकी हसायला लागल्या, आणि हसता हसता सुनंदानं फोन घेतला. “पातोडी झाकून ठेवतो. वापस या लवकर.” त्यानंतर तिकीटवाल्यांचे फोन. एकेकानं जे ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. समोर बायामाणसं बसलीत. त्यांच्या फोनांनी माझ्या फोनचा जीव जात होता, पण बंद पडायच्या आधी मी एक शहाणपण केलं. अकोल्याला साडूंना फोन लावला, कारण दंड भरायला खिशात पाकीटच नव्हतं.

साडू स्टेशनावर आले. टीसीच्या बाजूला हार घेऊन उभा असलेला मी त्यांना दिसलो. “काय साडूभाऊ,” म्हणाले, “निवडून आले का पडले?”

दंड त्यांनी भरला. आणि दंड भरलेल्या साडूला जेवल्याशिवाय सोडून कसं जाणार? आमच्याकडे पाहुणा उपाशी परत गेला तर सात गावांत बदनामी होते, आणि मेहुणीनं तर माझं नाव ऐकताच पुरणाला डाळ टाकली होती. ‘बस, पोळी झाली की निघा’ करता करता दुपार झाली. हार त्यांनी दाराच्या चौकटीला बांधला. संध्याकाळच्या पांढऱ्या गाडीत जागा विचारली तर रविवार, एकही खुर्ची नाही. चिमणी त्याच गाडीनं आमच्या गावाहून परत जाणार होती. तिच्या आधी पोचायचं तर एकच उपाय, जुनी पॅसेंजर. ती फास्टच्या थोडी आधी आमच्या गावाला लागत होती. तेवढ्यात पोरीला डोळे भरून बघता आलं असतं, बाकी काही नको.

पॅसेंजर सुटली. खिडकी उघडी, दारात माणसं, फुटाणेवाला. माझ्या जुन्या मताप्रमाणे सगळं कसं व्यवस्थित होतं. आणि आमच्या गावाच्या अलीकडच्या स्टेशनावर ती बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. राहिली ती राहिलीच.

“कावून थांबली बे?” समोरच्या माणसानं विचारलं.

दुसरा म्हणाला, “फास्ट मागून येऊन राह्यली. पह्यले थे आपल्याले पुढं कुठी गाठे. आता पुढच्या टेसनावर तिले थांबा भेटला ना, मंग सगळं टाइमटेबल हालवलं आन् आपल्याले अथी बसवलं. कोन्या बह्याडानं मागला थांबा, काय मालूम!”

“असन कोनी तरी,” मी म्हणालो आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

पांढरी गाडी आली आणि गेली. आमच्या डब्यातली वर्तमानपत्रं उडाली. पाच मिनिटांवर माझं गाव, आणि ती तिथे जाऊन थांबली असणार, दार उघडलं असणार, पोरगी चढली असणार. आणि मी फुटाण्याची पुडी हातात धरून बसलेलो. तिला आठवड्यातून एकदा भेटावं म्हणून मी सगळा खटाटोप केला, आणि तिला न भेटलेलं गावात कुणी उरलं नव्हतं. भेटलो नव्हतो तो मी एकटा.

स्टेशनावर उतरलो तर सुनंदा बाकावर बसली होती, मांडीवर डबा. “गेली,” म्हणाली. “तुमची वाट पाहून पाहून गेली. दार लागेलोक दारातच उभी होती पोरगी.” आणि डबा उघडून तिथेच पातोडी वाढली. मी खाल्ली. तिखट होती म्हणून डोळ्यात पाणी आलं, असं आपण धरून चालू.

मेश्राम साहेब आले. मी भीत भीत विचारलं, “साहेब, आजचा अहवाल?”

“धाडला ना. सकाई उतरले एक, चढले शून्य. संध्याकाई चढले एक.”

“सकाई शून्य कसं? मी चढलो होतो!”

“संध्याकाईचं थे तुमची पोरगी, तिकीट काढून. सकाईचं तुमचं...” त्यांनी नजर माझ्या डब्याकडे वळवली, बिचारे भले माणूस. “त्याले रेल्वेत चढनं म्हनत नाई जी. त्याचं कलम वेगळं हाय.”

आता तुम्ही म्हणाल, मग थांबा गेला का? नाही गेला! पहिल्या दिवसावर काही ठरत नाही, महिन्यांचा हिशेब बघतात, हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. पण मी ऐकत असतो का? आणि गाव पेटून उठलं. ज्यांची कचोरी बुडाली होती त्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा तिकिटं काढली, आपापल्या डब्याच्या जागी, गपचूप, बाकावरून उठून सरळ दारात. अध्यक्षाशिवाय गाडीत बसता येतं, हे सगळ्यांना सिद्ध करायचं होतं आणि त्यांनी ते करून दाखवलं. दाराची भीती कुणाला राहिलीच नाही. माझी फजिती ऐकून म्हाताऱ्या बायासुद्धा हसत हसत बसतात, म्हणतात, दार उघडते की नाही याचा अनुभव अध्यक्षानं घेतला, आता आपल्याला काय! गावात त्या गाडीला खऱ्या अर्थानं कुणी रुजवलं असेल, तर माझ्या मूर्खपणानं. एवढं श्रेय मी घेतोच.

थांबा कायम झाला. समितीची शेवटची बैठक झाली आणि एकच ठराव आला: गाडी स्टेशनात असेपर्यंत अध्यक्षांनी प्लॅटफॉर्मवर येऊ नये. सूचक गजूभाऊ. अनुमोदन सुनंदाचं. मी विरोधात हात वर केला, तर गजूभाऊनं भोंग्यातून जाहीर केलं, “अध्यक्ष साहेबाईचा बी पाठिंबा हाय!”

चिमणी आता दर रविवारी येते. गाडीचा आवाज आला की मी ओसरीवर मेथी निवडत बसतो आणि रस्त्याकडे बघतो. मागच्या रविवारी मी तिला जरा लाडानंच म्हटलं, “चिमणे, एक दिवस येऊ दे ना मले टेसनावर. कोपऱ्यात उभा राह्यतो. बोलत बी नाई. दोन मिनिटाचाच त प्रश्न हाय.”

पोरीनं माझ्या हातातली मेथी घेतली. “बाबा, गाडीले दोन मिनिटं पुरतात,” ती म्हणाली. “तुमाले नाई पुरत.”